बांध फुटेल तेव्हा

पुराच्या दिवसांत मिसिसिपी नदी आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंचावरून वाहते. मेम्फिसपासून दक्षिणेला व्हिक्सबर्गपर्यंत जो सपाट, काळ्याभोर मातीचा पट्टा पसरला आहे, त्याला तिथले लोक डेल्टा म्हणतात. समुद्र तिथून कितीतरी दूर आहे. मिसिसिपी आणि याझू या नद्यांनी हजारो वर्षे आणून टाकलेल्या गाळाची ही जमीन, कापसाला सोन्यासारखी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दलदल उपसून आणि जंगल तोडून ती लागवडीखाली आणली गेली, आणि नदीने ती परत नेऊ नये म्हणून काठाकाठाने मैलोन्‌मैल मातीचे उंच बांध घातले गेले. लेव्ही म्हणतात ते हे बांध.

ते बांधले कोणी? खेचरे आणि हातगाड्या घेऊन माती ओढणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांनी, आणि कित्येक ठिकाणी तुरुंगातून कामाला लावलेल्या कैद्यांनी. बांधाच्या कामावरच्या छावण्या बदनाम होत्या. मुकादमाच्या हातात बंदूक असे, मजुरी वेळेवर मिळेलच असे नसे, आणि माणूस मेला तर फारशी चौकशी होत नसे. या छावण्यांमध्ये खेचरे हाकताना, माती टाकताना घातलेल्या लांबलचक हाका म्हणजे ब्लूजच्या मुळांपैकी एक मूळ. पुढे लोकगीतांचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनी दक्षिणेत फिरून अशा हाका ध्वनिमुद्रित केल्या. त्या ऐकताना गाणे आणि कण्हणे यांच्यातली सीमा कुठे आहे ते सांगता येत नाही.

या प्रकरणात ज्या गाण्याची गोष्ट सांगायची आहे, ते 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स', याच मातीतले आहे. जगातल्या बहुतेक श्रोत्यांना ते लेड झेपलिन या इंग्रज रॉक बँडचे गाणे म्हणून ठाऊक आहे, आणि त्या सात मिनिटांच्या भव्य ध्वनिमुद्रणाबद्दल मला अपार आदर आहे. पण बेचाळीस वर्षे आधी एका नवरा-बायकोने दोन गिटारींवर ते गायले, तेव्हा ते वेगळे गाणे होते. मूळ गाणे बांधावर राबणाऱ्या माणसाचे आहे. नंतरचे गाणे पाण्याचे. माणसाच्या गाण्याचे पाण्याचे गाणे कसे झाले, त्यात काय हरवले आणि काय अनपेक्षितपणे सापडले, हे पाहण्यासारखे आहे.

१९२६च्या उन्हाळ्यानंतर मिसिसिपीच्या खोऱ्यात पाऊस थांबेना. उपनद्या एकामागून एक भरल्या. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांचा तोवर ठाम सिद्धांत होता की नदीला आवरायला फक्त बांध पुरेत: पाण्याला बाजूला पसरायला वाट दिली नाही की ते जोराने वाहील आणि तळ आपोआप खोल करील. जेम्स ईड्स यांच्यासारख्या नामांकित अभियंत्याने लष्कराच्या अभियंत्यांशी या नदीवरून वर्षानुवर्षे भांडण केले होते. पण बांधांचे धोरण चालूच राहिले, आणि पुराच्या पाण्याने पूर्वी ज्या बाजूच्या वाटांनी विसावा घेतला असता त्या वाटा एकेक करून बंद होत गेल्या. बांध उंच होत गेले, तसे पाणीही उंच होत गेले.

२१ एप्रिल १९२७ रोजी सकाळी ग्रीनव्हिल शहराच्या उत्तरेला, माउंड्स लँडिंग इथे बांधाला भगदाड पडले. त्या क्षणापर्यंत शेकडो कृष्णवर्णीय मजूर बंदुकीच्या धाकाखाली वाळूच्या गोण्या रचत होते. पायाखालचा बांध थरथरू लागला तरी त्यांना पळू दिले गेले नाही. त्यांतले किती वाहून गेले याची नीट मोजदाद कधीच झाली नाही. भगदाड सुमारे पाऊण मैल रुंद झाले, आणि पाण्याने जमीन इतकी खोल कोरून काढली की तिथे आजही तळे आहे. त्या वर्षीच्या पुराने एकूण सुमारे ७० हजार चौरस किलोमीटर प्रदेश बुडवला. सहा लाखांहून अधिक माणसे घराबाहेर पडली. रेड क्रॉसने उभारलेल्या १५४ छावण्यांमध्ये तीन लाखांच्या वर लोक राहिले, आणि त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते.

ग्रीनव्हिलमध्ये जे घडले ते वाचल्याशिवाय हे गाणे समजत नाही. शहर पाण्याखाली गेले, तेव्हा कोरडी जागा उरली होती ती बांधाचा माथा. जेमतेम काही फूट रुंद अशा त्या माथ्यावर सुमारे १३ हजार कृष्णवर्णीय माणसे आश्रयाला आली. त्यांना न्यायला वाफेच्या बोटी आल्या. मदत समितीचा प्रमुख होता तरुण कवी विल पर्सी. या लोकांना बोटींनी सुरक्षित ठिकाणी हलवावे असे त्याने ठरवले होते. त्याचे वडील लरॉय पर्सी हे माजी सेनेटर आणि बडे जमीनदार. त्यांना आणि इतर मळेवाल्यांना भीती वाटली की एकदा गेलेले मजूर परत येणार नाहीत, आणि मग कापूस वेचणार कोण? निर्णय फिरवला गेला. मोजके गोरे लोक घेऊन बोटी निघून गेल्या. बाकीचे बांधावरच राहिले, नॅशनल गार्डच्या पहाऱ्यात. अंगावर ओळखचिठ्ठी लावल्याशिवाय शिधा मिळत नसे, आणि काम केल्याशिवाय चिठ्ठी मिळत नसे. मदतीचा माल उतरवायचे काम याच पूरग्रस्तांकडून, धाकाने, करून घेतले गेले.

खालच्या अंगाला न्यू ऑर्लिन्स शहरातल्या धनिकांनी आपले शहर वाचवण्यासाठी २९ एप्रिलला कॅर्नारव्हॉन इथला बांध डायनामाइटने मुद्दाम उडवायला लावला. सेंट बर्नार्ड आणि प्लाकमिन्स परगण्यांतली गरीब वस्ती त्यामुळे बुडाली. मदतकार्याचे प्रमुख हर्बर्ट हूवर मात्र या पुराने देशभर नावारूपाला आले आणि पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. छावण्यांतल्या अत्याचारांची चौकशी करायला टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेचे रॉबर्ट मोटन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती; तिने जे पाहिले त्यातले पुष्कळसे दाबून ठेवले गेले.

पुरावर गाणी आली, आणि भराभर आली. ब्लूज गायिका बेसी स्मिथचे 'बॅकवॉटर ब्लूज' तर या महापुराच्या दोन महिने आधीच, १७ फेब्रुवारी १९२७ला ध्वनिमुद्रित झाले होते. त्यामागे १९२६च्या नाताळात कम्बरलँड नदीने नॅशव्हिलमध्ये घातलेला धुमाकूळ होता, असे संगीत-अभ्यासक डेव्हिड इव्हान्स यांनी दाखवून दिले आहे. पण डेल्टा बुडाल्यावर लोकांनी ते आपल्याच पुराचे गाणे मानले. ब्लाइंड लेमन जेफरसन आणि बार्बेक्यू बॉब यांनी त्याच वर्षी पूरगीते गायली. माझ्या मते या सगळ्यांत सर्वांत जिवंत आहे चार्ली पॅटनचे १९२९मधले 'हाय वॉटर एव्हरीव्हेअर'. तबकडीच्या दोन्ही बाजू व्यापणाऱ्या या गाण्यात तो गिटारच्या पेटीवर थापा मारत गावांची नावे घेत जातो: हे बुडाले, ते बुडाले. उंचावरच्या भागात जावे म्हटले तर तिथली वाट अडवली आहे, असेही सांगतो. पर्सींच्या त्या निर्णयाची सावली इथे गाण्यात पडलेली आहे.

'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' आले ते पुरानंतर दोन वर्षांनी. १८ जून १९२९ रोजी कोलंबिया कंपनीच्या न्यूयॉर्कमधल्या स्टुडिओत एक जोडपे गायला बसले. तबकडीवर त्यांची नावे छापली गेली कॅन्सस जो आणि मेम्फिस मिनी. दोन्ही नावे कंपनीने दिलेली होती. जो मॅकॉय मिसिसिपी राज्यातलाच. मिनीचे खरे नाव लिझी डग्लस, जन्म १८९७चा. ती स्वतः लुईझियानातल्या अल्जिअर्सची असल्याचे सांगे. तिचे कुटुंब मेम्फिसच्या दक्षिणेला वॉल्स या गावी स्थायिक झाले होते. घरी तिला किड म्हणत. किशोरवयातच ती पळून मेम्फिसच्या बील स्ट्रीटवर गेली, रस्त्याच्या कडेला, बागेत, जमेल तिथे गिटार वाजवत राहिली, आणि काही काळ रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीबरोबर हिंडली. बाईने गिटारवर मुख्य सूर वाजवायचा आणि पुरुषाने मागे साथ करायची, ही त्या काळी विरळा गोष्ट; पण जो आणि मिनी असेच वाजवत.

पूर आला तेव्हा मिनी वॉल्सजवळ आपल्या माणसांतच राहत होती, असे तिच्या भावजयीने अनेक वर्षांनी तिच्या चरित्रकारांना सांगितले. म्हणजे ही ऐकीव कथा नव्हती.

या गाण्याबद्दल एक चुकीची समजूत फार पसरली आहे. मेम्फिस मिनीचे नाव मोठे झाल्यामुळे लोक समजतात की ते तिने गायले. मूळ तबकडीवर गातो जो. मिनीचा आवाज त्यात नाही. तिची बोटे आहेत. जोच्या गिटारचा ठेका खालून एकसारखा चालू राहतो, आणि त्याच्यावर मिनी उंच पट्टीत छोटे छोटे तुकडे घेत जाते. ओळ संपली की ती उत्तर देते. कधी ओळ संपायच्या आधीच. ऐकणाऱ्याला प्रथम धक्का बसतो तो या वादनाच्या हलकेपणाचा. विषय इतका भीषण, आणि गिटारी मात्र जवळजवळ नाचऱ्या चालीने पुढे जातात. मला यात विसंगती वाटत नाही. हे गाणे बील स्ट्रीटवर, दुकानांच्या दारात, शनिवारी रात्रीच्या बैठकीत वाजवून चार पैसे मिळवणाऱ्यांचे आहे. ज्यांच्यासाठी ते वाजायचे त्यांतल्या कित्येकांनी तो बांध अंगावर घेतला होता. त्यांना पूर समजावून सांगायची गरज नव्हती.

शब्दांकडे पाहिले तर रचना नेहमीच्या ब्लूजची आहे: पहिली ओळ, तीच पुन्हा, आणि मग तिला उत्तर देणारी तिसरी. पहिली ओळ पुन्हा म्हणताना गाणाऱ्याला तिसरी सुचायला वेळ मिळतो, आणि सुचली नाही तर दुसऱ्या गाण्यातली ओळ बिनदिक्कत घेता येते. जात्यावरच्या ओव्यांसारख्या या ओळी कुणा एकाच्या नसतात. जी बाई दळायला बसेल तिच्या होतात. गाण्यातला माणूस बांधावर रात्रंदिवस राबतो आहे. पाणी थोपवायला दुसरे कोणी नाही. बांध फुटला तर आपल्याला राहायला जागा उरणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. रडून उपयोग नाही, देवाची करुणा भाकूनही नाही. मग तो घर, बायको आणि सुख मागे टाकून निघण्याची भाषा करतो. पूर गाण्यात अजून आलेलाच नाही! येणार आहे, आणि तो येण्याआधीचा हा हिशेब आहे: मी थांबलो तर काय, गेलो तर काय. जमीन माझी नाही, बांधही माझ्यासाठी नाही, मग राखण मी का करू? हा प्रश्न गाण्यात उघड विचारलेला नाही, पण माझ्या कानाला प्रत्येक कडव्यात तोच ऐकू येतो.

आणि लोक खरोखर निघाले. १९१०च्या सुमारास सुरू झालेले कृष्णवर्णीयांचे उत्तरेकडचे स्थलांतर पुरानंतर डेल्टातून आणखी वाढले. १९७०पर्यंत सुमारे ६० लाख माणसे दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्कसारख्या शहरांत गेली. जो आणि मिनीही १९३०च्या सुमारास शिकागोला गेले. लरॉय पर्सींना ज्याची भीती होती तेच झाले, थोडे उशिरा.

गाणे मात्र फारसे चालले नाही. चालले ते त्याच जूनच्या सत्रात गायलेले 'बंबल बी', आणि तेही मिनीने पुढच्या वर्षी व्होकेलियन कंपनीसाठी पुन्हा गायल्यावर. काही महिन्यांतच शेअर बाजार कोसळला, मंदी आली, आणि पूरगीते जुन्या तबकड्यांच्या ढिगात गेली. १९३५च्या आसपास हे जोडपे विभक्त झाले. जोने शिकागोत हार्लेम हॅमफॅट्स नावाचा वाद्यवृंद गाजवला. त्याच्याच एका चालीवरून पुढे 'व्हाय डोन्ट यू डू राइट' हे गाणे झाले, आणि ते १९४२मध्ये बेनी गुडमनच्या वाद्यवृंदाबरोबर गाऊन पेगी ली प्रसिद्धीस आली. जो स्वतः १९५०मध्ये, पंचेचाळिशीही न गाठता, वारला.

मिनी विजेची गिटार हाती घेणाऱ्या पहिल्या ब्लूज कलावंतांपैकी एक ठरली. १९४२च्या अखेरच्या रात्री शिकागोच्या एका क्लबात कवी लँगस्टन ह्यूज यांनी तिला ऐकले आणि 'शिकागो डिफेंडर' या वृत्तपत्रातल्या आपल्या सदरात तिच्यावर लिहिले: बर्फाच्या कपाटावर बसून गिटार वाजवणारी बाई, आणि तिच्या वाद्यातून येणारा यंत्रांच्या कारखान्यासारखा विजेचा गोंगाट. दक्षिणेतले ब्लूज शहरात येऊन काय होत होते, याचे त्याहून चांगले समकालीन वर्णन मी वाचलेले नाही.

१९२९नंतर गाण्याच्या वाटेत जवळपास चार दशकांचा मोठा खंड आहे. १९६०च्या दशकात इंग्लंडमधल्या तरुणांनी जुने अमेरिकी ब्लूज वेड्यासारखे गोळा केले. तबकड्या दुर्मीळ होत्या. पुनर्मुद्रित संग्रह हातोहात फिरत. अशाच संग्रहातून हे गाणे लेड झेपलिनचा गायक रॉबर्ट प्लांट याच्यापर्यंत पोहोचले. लेड झेपलिनने १९७०च्या डिसेंबरात लंडनच्या आयलंड स्टुडिओत त्याचा प्रयत्न केला. तो जमला नाही. मग बँड हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत मुक्कामाला गेला आणि बाहेर रोलिंग स्टोन्सची फिरती ध्वनिमुद्रणाची गाडी उभी केली. हेडली ग्रेंज मुळात १७९५च्या सुमारास बांधलेले गरिबांचे आश्रयगृह. निराधारांना तिथे ठेवून त्यांच्याकडून काम करून घेत. घरदार गमावलेल्या मजुराचे गाणे अशा वास्तूत नव्याने घडले, हा योगायोग मला विसरता येत नाही.

त्या ध्वनिमुद्रणाचा खरा नायक आहे तिथला जिना. त्या काळी स्टुडिओत ड्रमच्या भोवती घोंगड्या, गालिचे टाकून घुमणारा आवाज मारला जाई, आणि प्रत्येक ढोलाजवळ एकेक मायक्रोफोन असे. अभियंता अँडी जॉन्सने उलटे केले. ड्रमवादक जॉन बोनमचा ड्रमसेट त्याने प्रवेशदालनाच्या उंच मोकळ्या जागेत, जिन्याच्या तळाशी मांडला आणि बायरडायनॅमिक कंपनीचे दोन मायक्रोफोन वरच्या मजल्यावरून खाली लोंबकळत सोडले. जवळ एकही नाही. त्या दोघांचा आवाज दाबून जाड केला आणि बिन्सन एकोरेक या इटालियन यंत्रातून प्रतिध्वनी घातला. बोनमचा प्रत्येक ठोका घरभर फिरून, थोडा मागाहून स्वतःलाच येऊन मिळतो. नंतर वाद्यांची टेप थोडी संथ केली गेली, त्यामुळे सगळ्या आवाजांना आणखी वजन आले. गिटारवादक जिमी पेजने प्लांटच्या माउथ ऑर्गनवर उलटा प्रतिध्वनी चढवला: सूर येण्याआधी त्याची सावली येते.

परिणाम असा की पहिले शब्द येण्याआधी, मिनिटाहून अधिक काळ, फक्त पाणी चढताना ऐकू येते. मिनीच्या गिटारचे ते चपळ तुकडे इथे नाहीत. जोच्या गाण्यात माणूस पुराआधी विचार करतो. इथे विचाराला वेळ उरलेला नाही. प्लांटने शब्दही बदलले. काही कडवी ठेवली, आणि शिकागोला निघण्याची ओळ बाहेरून आणली. ती जुन्या ब्लूजमध्ये सर्रास सापडणारी ओळ आहे, मूळ तबकडीवर नाही. तरीही मला ती अचूक वाटते, कारण त्या तबकडीमागची दोन माणसे खरोखर शिकागोलाच गेली होती.

नोव्हेंबर १९७१मध्ये आलेल्या बँडच्या चौथ्या अल्बमचे हे शेवटचे गाणे. श्रेय पाच जणांना दिले होते: पेज, प्लांट, जॉन पॉल जोन्स, बोनम आणि मेम्फिस मिनी. या बँडच्या बाबतीत हे नोंदवायला हवे, कारण इतरत्र ते असे वागलेले नाहीत. 'होल लॉटा लव्ह'मध्ये ब्लूज गीतकार विली डिक्सनचे शब्द घेतले आणि नाव दिले नाही. डिक्सनला १९८५मध्ये कोर्टात जावे लागले, आणि त्यानंतर तडजोड झाली. ब्लूज गायक हाउलिन वुल्फच्या बाबतीतही असाच वाद झाला. इथे मिनीचे नाव पहिल्या दिवसापासून होते. पण ज्याने गाणे गायले तो जो मॅकॉय यादीत नाही. अल्बमच्या कोट्यवधी प्रती खपल्या, आणि त्या प्रत्येकीवर हे नाव नाही. मिनीला न्याय मिळाला म्हणून मी बँडला दाद देईन. पण तबकडीच्या त्या बाजूवर दोन नावे छापली होती, एक नव्हे.

जाता जाता एक गोष्ट. याच अल्बमच्या याच बाजूवर 'फोर स्टिक्स' नावाचे गाणे आहे. १९७२मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले असताना त्यांनी ते इथल्या वादकांबरोबर तबला, सतार, सारंगीच्या साथीने पुन्हा ध्वनिमुद्रित केले. ते मुद्रण २०१५मध्ये अधिकृतपणे बाहेर आले. 'लेव्ही'चा मुंबईशी एवढाच शेजारसंबंध.

झेपलिननंतर गाण्याचे दोन तुकडे झाले, आणि दोघांनी वेगवेगळा प्रवास केला. एक तुकडा म्हणजे बोनमचा ठेका. सुरुवातीचे काही ठोके एकटे, बाकी काहीच नाही, त्यामुळे ते कापून घ्यायला सोपे. १९८६मध्ये बीस्टी बॉइजनी आपल्या पहिल्या अल्बमची सुरुवात याच ठोक्यांनी केली. मग डॉ. ड्रे, मग ब्योर्कचे 'आर्मी ऑफ मी'. २०१६मध्ये बियॉन्सेच्या 'लेमनेड' अल्बमवरच्या 'डोन्ट हर्ट युअरसेल्फ'मध्ये तो ठेका पुन्हा वाजला, आणि श्रेयनामावलीत झेपलिनच्या चौघांची नावे आली. बियॉन्सेची आई लुईझियानातल्या घराण्यातली. त्याच अल्बमवरच्या 'फॉर्मेशन'च्या चित्रफितीत ती न्यू ऑर्लिन्सच्या पुरात बुडणाऱ्या पोलिसांच्या गाडीवर उभी आहे. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय बाईने वाजवलेले गाणे इंग्लंडला जाऊन ढोलांचा आवाज बनले आणि त्या रूपात पुन्हा दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय बाईच्या हाती आले.

दुसरा तुकडा म्हणजे शब्द, म्हणजे बांध आणि भीती. ए परफेक्ट सर्कल या बँडने २००४मध्ये युद्धविरोधी गाण्यांच्या अल्बमवर ते घेतले. जवळजवळ कुजबुजत, अंगाईसारखे. पुढच्याच वर्षी, २९ ऑगस्ट २००५ रोजी, कट्रीना वादळात न्यू ऑर्लिन्सचे बांध आणि पूरभिंती जागोजागी फुटल्या. शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्यात गेला. जे लोक छपरांवर आणि स्टेडियममध्ये मदतीची वाट पाहत राहिले ते बहुतेक गरीब आणि कृष्णवर्णीय होते. १९२७ अचानक इतिहासातून बाहेर आले. स्पाइक लीने या आपत्तीवर चार भागांचा माहितीपट केला. त्याचे नावच 'व्हेन द लेव्हीज ब्रोक'. बरोबर एक वर्षाने, २९ ऑगस्ट २००६ला, बॉब डिलनचा 'मॉडर्न टाइम्स' हा अल्बम आला. त्यात 'द लेव्हीज गॉना ब्रेक' हे गाणे आहे: मिनी-जोच्या गाण्याच्या सांगाड्यावर उभे, पण श्रेय एकट्या डिलनचे. २००१मध्ये 'हाय वॉटर' हे गाणे त्याने नाव घेऊन चार्ली पॅटनला अर्पण केले होते. तेवढे औदार्य इथेही दाखवायला हवे होते, असे मला ठामपणे वाटते. ओव्या सगळ्यांच्या असतात, हे मीच वर म्हटले आहे. पण लाखांनी खपणाऱ्या अल्बमवर मालकी छापली जाते तेव्हा तो नियम लागू राहत नाही.

लुईझियानाचा ॲकॉर्डियनवादक बकव्हीट झायडेको याने २००९मध्ये हे गाणे घेतले, तेव्हा ते पूर पाहिलेल्या प्रदेशातल्या कृष्णवर्णीय माणसाच्या आवाजात मोठ्या श्रोतृवर्गासमोर परतले. ॲकॉर्डियनचा ठसका आणि नाचाची लय यांमुळे ते झेपलिनपेक्षा १९२९च्या जास्त जवळचे वाटते. २०२२मध्ये 'प्लेइंग फॉर चेंज' या उपक्रमाने निरनिराळ्या देशांतल्या वादकांना जोडून त्याची आवृत्ती काढली. त्यात झेपलिनचा जॉन पॉल जोन्स स्वतः वाजवतो. आता बांध म्हणजे एका नदीचा बांध राहिलेला नाही, तापत्या हवामानाचा झाला आहे.

मिनी १९५७च्या सुमारास मेम्फिसला परतली. १९६०मध्ये तिला पक्षाघात झाला, आणि पुढची वर्षे चाकाच्या खुर्चीत, शुश्रूषागृहात गेली. झेपलिनचा अल्बम आला तेव्हा ती हयात होती. ६ ऑगस्ट १९७३ला ती वारली आणि वॉल्समध्ये न्यू होप बॅप्टिस्ट चर्चच्या आवारात तिला पुरले. थडग्यावर दगड नव्हता. तो १९९६मध्ये आला; माउंट झायन मेमोरियल फंडाने बसवला आणि पैसे दिले गायिका-गिटारवादक बॉनी रेटने.

ज्याला हे गाणे खरोखर ऐकायचे आहे त्याने झेपलिनपासून सुरुवात करू नये, असे माझे मत आहे. आधी १९२९ची तबकडी ऐकावी, आणि पहिल्यांदा ऐकताना जोच्या आवाजाकडे दुर्लक्ष करून फक्त मिनीच्या गिटारचा माग घ्यावा: ती कुठे बोलते, कुठे गप्प बसते. दुसऱ्यांदा जोकडे लक्ष द्यावे. मग पॅटनचे दोन भाग सलग. त्यानंतर १९७१ची सात मिनिटे, शक्य तितक्या मोठ्या आवाजात, आणि शेवटी बकव्हीट झायडेको. हा क्रम पाळला की बोनमच्या ढोलांमध्येही बांधावरच्या माणसाची पावले ऐकू येऊ लागतात. उलट क्रमाने ऐकले तर १९२९ची तबकडी एखाद्या मोठ्या गाण्याचा कच्चा खर्डा वाटण्याचा धोका आहे, आणि तसे वाटणे हा तिच्यावर अन्याय आहे.